एकोणीस सोमवार

शनिवारी दुपारी कॅप्टन जागोची बोट एलायझा खाडीत लागली आणि केझाया पेंगेलीने धक्क्यावरच पाकीट फोडलं. पाकीट तिच्या बहिणीच्या, थिर्झाच्या नावाचं होतं. पण थिर्झाची पत्रं फोडायची, वाचून दाखवायची आणि उत्तरं लिहायची हे केझायाचंच काम होतं. थिर्झा आडवी पडून पानाच्या शिरेएवढी बारीक रेघ काढायची, पण आडव्या माणसाला शाईची लेखणी धार्जिणी नसते, शाई उलटी मनगटावर येते. म्हणून अक्षर केझायाचं, शब्द थिर्झाचे आणि खाली थिर्झाच्या नावाची सही, तीही केझायानेच ठोकलेली, असा कारभार एकोणीस वर्षं चालला होता.

पत्र वेलिंग्टनच्या मिस्टर स्टॅथम यांचं होतं. हे गृहस्थ तिथल्या विद्वान मंडळींचे चिटणीस. थिर्झाने रंगवलेली चोवीस झाडंफुलं आणि प्रत्येक चित्राखालच्या तिच्या चार ओळी यांचं पुस्तक काढायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. केझायाने चालता चालता पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी ती मिसेस अग्लोंच्या कुंपणावर आदळली.

घरात शिरली तेव्हा थिर्झा नेहमीसारखी डाव्या कुशीवर होती, तोंड खिडकीकडे. कानाला आवाज पुरला, मान वळवायची गरज पडली नाही.

"वाच," ती म्हणाली.

"तेवीस चित्रं उत्तम आहेत म्हणतात. त्यांच्या देशभरच्या संग्रहात असं काम नाही म्हणतात."

"आणि चोविसावं?"

"अगं, आधी उत्तम म्हणतात ते तरी नीट ऐक!"

"उत्तम आहेत ते मला माहीत आहे. पुढचं वाच."

केझायाने एक सुस्कारा सोडला आणि पुढचं वाचलं. मिस्टर स्टॅथम यांनी लिहिलं होतं की चोविसाव्या चित्रात मिस पेंगेलींची चूक झाली आहे. खालची तलवारीसारखी लांब, काळपट, खाली झुकलेली पानं एका झाडाची आहेत आणि वरचा गोल डेरा दुसऱ्याच झाडाचा. ही दोन्ही झाडं आपल्या यादीत वेगवेगळ्या नावांनी आहेत आणि आपण स्वतः ती रानात शंभरदा पाहिली आहेत. अंथरुणाला खिळलेल्या, रान न पाहिलेल्या व्यक्तीकडून असं होणं समजण्यासारखं आहे. तरी त्यांनी या एका चित्राची दोन करून द्यावीत किंवा हे गाळायला संमती द्यावी. छापखाना थांबला आहे, उत्तर याच बोटीने यावं. शेवटी आणखी एक ओळ होती. त्या चित्राखालचा श्लोक जरा तिखट वाटतो, रुग्णशय्येवरच्या काव्याने वाचकाचे डोळे पाणवावेत.

श्लोक असा होता:

लहानपणी भाले, थोरपणी सावली,
एकाच बुंध्यावर मी दोन्ही पाहिली.
जो वाटेने गेला त्याला झाडं दिसली दोन,
जी जागची हलली नाही तिला विचारतं कोण?

"झालं?" थिर्झाने विचारलं.

"झालं."

"मग लिही. नाही."

"एवढंच?"

"नमस्कार घाल हवं तर पुढे."

केझायाचं डोकं फिरलं. "थिर्झे, एका झाडासाठी अख्खं पुस्तक पाण्यात घालतेस? गाळू दे ना त्यांना ते एक! तेवीस तर येतील."

"गाळायला हो म्हटलं म्हणजे चूक कबूल केली. ज्या बाईने खिडकीबाहेरचं झाड चुकवलं तिची बाकी तेवीस कोण खरी मानेल? आणि चुकलेलंच नाही तर कबूल काय करू? जा, चहा ठेव. तुझा चेहरा आंबलाय."

थिर्झा ही अशी होती. खाडीतल्या लोकांना पहिल्या पहिल्यांदा वाटायचं की अंथरुणावरची बाई म्हणजे मऊ, देवभोळी, उशीवर हात जोडलेली असणार. लोक कीव घेऊन यायचे आणि चार बोल खाऊन जायचे. विसाव्या वर्षी नदीच्या उतारावर बैलगाडी उलटली आणि गाडी तिच्या कमरेवरून गेली, त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. नेल्सनहून आलेल्या डॉक्टरांनी बापाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हिवाळा काढला तर खूप. त्यानंतर हिवाळे एकोणीस आले आणि गेले, गेले ते डॉक्टर, दुसऱ्याच वर्षी.

बाप जोएल पेंगेली सुतार होता आणि कमी बोलायचा. त्याने पोरीची खाट खिडकीशी लावली. आढ्याला शिडाच्या दोऱ्या बांधून एक फळी टांगली आणि ती वरखाली करायला कप्पी लावली. त्या फळीच्या खालच्या अंगाला कागद टाचून थिर्झा वर हात करून रंगवायची. पातळ रंग थेट डोळ्यात पडतो हे पहिल्याच आठवड्यात कळलं, म्हणून ती रंग घट्ट, जवळजवळ कोरडा ठेवायला शिकली, आणि एका पाकळीवर एकावर एक वीस हात द्यायला शिकली. पुढे शहरातले लोक म्हणू लागले की हिच्या चित्रातलं फूल उचलून घ्यावंसं वाटतं.

तिचा एक नियम होता. हातात आलं तरच कागदावर येईल. त्यामुळे खाडीतला प्रत्येक जण काही ना काही आणायचा. करवतवाले शेवाळ आणायचे, कोळ्यांच्या बायका समुद्री गवत, चॅपेलमधल्या बाया फुलं. पाद्रीबाबांनी एकदा मेलेल्या घुबडांचा जोड आणला आणि वासाने स्वतःच बाहेर पळाले. जिन्नस हातात घेऊन ती तो चोळायची, वास घ्यायची, कधी चावूनही बघायची.

नियमाला अपवाद एकच, ते खिडकीबाहेरचं झाड. खाट लावली त्या वर्षी ते झाड कसलं, माणसाच्या खांद्याएवढी एक काठी होती, आणि तिच्यावर मोडक्या छत्रीच्या काड्यांसारखी खाली लोंबणारी कडक पानं. बापाने कुऱ्हाड आणली होती, पोरीला नीट दिसावं म्हणून. थिर्झा म्हणाली, "बाबा, राहू द्या. सध्या तेच एक माझ्या उंचीचं आहे." पुढे ते वाढलं आणि खिडकीच्या वर गेलं, तेव्हा बापाने खिडकी वर वाढवली. झाड आणखी वाढलं, बापाने पुन्हा भिंत फोडली. तिसऱ्यांदा फोडली तेव्हा पेंगेलींची खिडकी चॅपेलच्या खिडकीपेक्षा उंच झाली आणि पाद्रीबाबा महिनाभर कुरकुरले. ती तिसरी वाढ म्हणजे बापाचं शेवटचं सुतारकाम.

आता केझायाचं. बहीण पडली तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आता छत्तीस. कूस वळवणं, पाणी तापवणं, रंग घोटणं, ब्रश धुणं, पत्रं लिहिणं यात मधली वर्षं कुठे गेली ते तिला विचारू नका. तिला ते पुस्तक हवं होतं. त्यात तिचं नाव नसणार हे तिला ठाऊक होतं, तरी हवं होतं. फळीवर ठेवता येईल, आल्यागेल्याला दाखवता येईल, हे बघा आम्ही काय केलं असं म्हणता येईल, असं काहीतरी. आणि आता ते एका काठीपायी हातचं चाललं होतं.

त्याहून वाईट म्हणजे तिला मनातून वाटत होतं की मिस्टर स्टॅथम बरोबर आहेत. ती लाकूडफाट्याला रानात जायची. तिने भालेवाली काटकुळी झाडं पाहिली होती आणि डेरेदार झाडंही पाहिली होती, आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं असेल असं तिला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. अपघातानंतर सातव्या वर्षी, ख्रिसमस झाल्यावर, ती नऊ महिने नेल्सनला एका घरी कामाला होती. तेव्हा थिर्झा दुखण्यावरचं अफूचं औषध घेत असे. त्या काळात बापाने गुपचूप काठी तोडली असेल आणि तिच्या जागी दुसरं काही उगवलं असेल, तर? अफूच्या गुंगीतल्या बाईला काय कळणार? हे ती बहिणीच्या तोंडावर बोलू शकत नव्हती. आतल्या आत मात्र ते ठसठसत होतं.

रविवारी चॅपेल सुटल्यावर सगळ्या खाडीला बातमी लागलेलीच होती. एलायझा खाडीत शिंक आली तरी पलीकडच्या काठावरून रुमाल येतो.

"अगं, करून टाक म्हणावं सही," मिसेस अग्लो म्हणाल्या. "देवाने हात दिले, डोकं दिलं, वर पुस्तक द्यायला निघालाय. आता एका झुडपावरून रुसायचं म्हणजे काय?"

"झुडुप नाही, झाड आहे, आणि एक नाही, दोन आहेत," झॅकी काका म्हणाले. हे खाडीतले सर्वांत जुने करवतवाले. "चाळीस वर्षं झाडं पाडतोय मी, पोरी. त्या काटकुळ्याला आम्ही भाला म्हणतो आणि डेरेदाराला छत्री. मला सांग, भाल्याची कधी छत्री झालीय?"

"तुमच्या बायकोच्या हातात छत्रीचा भाला होतो की, काका!" कुणीतरी मागून बोललं आणि सगळे खो खो हसले.

केझायाला ते हसणं झोंबलं. आणि आपणही मनातून झॅकी काकांच्याच बाजूचे आहोत, हे त्याहून जास्त झोंबलं.

सोमवार म्हणजे धुणं. ख्रिसमस असो की भूकंप, सोमवारी खाडीतल्या प्रत्येक घरामागे चादरी फडफडतात, आणि ज्या घरामागे फडफडत नाहीत तिथे कुणी मेलं का म्हणून लोक बघायला जातात. कॅप्टन जागोची बोट दुपारच्या भरतीला सुटणार होती. केझाया पहाटे उठली, भांडं चुलीवर चढवलं आणि पाणी उकळेपर्यंत स्वयंपाकघराच्या टेबलावर पत्र लिहिलं. 'आपली सूचना मान्य आहे. चोविसावं चित्र गाळावं.' खाली सही करायची होती. बहिणीच्या नावाने सही करताना तिचा हात आजवर कधी थांबला नव्हता. त्या दिवशी 'थि' काढताना लेखणी अडली आणि एक डाग पडला. तो तिने टिपला, पत्राची घडी केली आणि एप्रनच्या खिशात घातली.

चादरींची टोपली घेऊन ती मागच्या अंगणात आली तेव्हा रिपेका कुंपणाशी उभी होती. रिपेका नदीच्या मुखापलीकडच्या, त्या भूमीच्या मूळच्या माओरी लोकांच्या वस्तीतली. वयाने साठीची, वसंतात बारीक मासळी घेऊन यायची आणि बदल्यात पाव न्यायची. हा व्यवहार केझायाच्या आईपासूनचा.

"तोंड का असं? मासळीपेक्षा तूच शिळी दिसतेस," रिपेका म्हणाली.

केझायाने सांगून टाकलं, स्टॅथम, चित्र, झाड, सगळं. खिशातल्या पत्राचं तेवढं नाही सांगितलं. रिपेका ऐकता ऐकता हसायला लागली आणि मग तिला कुंपणाला धरावं लागलं.

"तुम्हा गोऱ्यांचं नवलच आहे बाई! पोराला एक नाव आणि तोच पोर म्हातारा झाला की दुसरं. होरोएका आहे तो. लहानपणी होरोएका, मोठेपणी होरोएका. आधी सगळ्यांना टोचतो, मग सावली देतो. माझा थोरला दीर असाच होता."

"तुला माहीत होतं? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं? तुझ्या बहिणीने एकदा विचारलं होतं. मी सांगितलं. तर म्हणते कशी, मला माहीत आहे, तुला माहीत आहे का ते बघत होते." रिपेकाने डोळे पुसले. "उद्धट आहे. मला आवडते."

ती पाव घेऊन गेली. केझाया दोरीशी आली. दोरी एका बाजूला घराच्या खिळ्याला होती आणि दुसऱ्या बाजूला त्याच झाडाला. गाठ सैल झाली होती म्हणून ती आवळायला तिने दोरी बुंध्यावरून सरकवली, आणि तिच्या बोटांखाली खाच लागली. बोटभर खोल, बुंध्याभोवती सबंध फिरलेली, कडांना साल फुगून आलेली. दोरी दर सोमवारी त्याच खाचेत बसायची. इतक्या वेळा बसवली होती की तिच्याकडे बघायची गरजच पडली नव्हती.

ही दोरी बांधली कधी? अपघातानंतर नवव्या वर्षी. वादळात बापाचा खांब पडला आणि ती म्हणाली होती, बाबा, या काठीला बांधते, मनगटाएवढी तर झालीय. बापाने विचारलं होतं की चादरी या भाल्यांना अडकून फाटणार नाहीत का. आणि फाटल्या होत्या! दोन चादरी फाटल्या होत्या त्या वर्षी, त्या काळ्या करवती पानांना अडकून. गोल डेरा तेव्हा नव्हताच.

केझायाने वर पाहिलं. ती रोज त्या खिडकीची काच पुसायची, दर सोमवारी त्या झाडाशी चार तास असायची, पण तोंडात चिमटे आणि नजर चादरीच्या काठावर. वर पाहायचं काम दुसरीचं होतं. वर दाट, गोल, हिरवा डेरा होता आणि त्यात एक जाडजूड रानकबूतर डुलत बसलं होतं. खाली, अगदी तिच्या कपाळाशी, एका जुन्या फांदीवर तीन लांब तलवारी अजून लोंबत होत्या. मधे खाच आणि तिची दोरी. हातच्या कांकणाला आरसा कशाला हवा?

धक्क्यावर जागोने शिंग फुंकलं. ओली चादर टोपलीत टाकून ती आत धावली आणि खिशातली घडी थिर्झाच्या पांघरुणावर आपटली.

थिर्झाने ती उघडली, वाचली. "माझी सही माझ्यापेक्षा चांगली करतेस," ती म्हणाली.

"मला वाटलं तुझी चूक आहे. मला वाटलं औषधाच्या गुंगीत तुला... मी सातव्या वर्षी इथे नव्हते ना. मला वाटलं बाबांनी तोडलं असेल."

थिर्झाने पत्राची घडी पुन्हा नीट घातली. केझाया बोल खायच्या तयारीने उभी राहिली.

"खाटेखालची चपटी पेटी काढ," थिर्झा म्हणाली.

त्या पेटीवरची धूळ केझायाने हजार वेळा झटकली होती. आत जुने गाऊन असतील असं ती धरून चालली होती. आत कागद होते, एकोणीस, तारखेने लावलेले. प्रत्येकावर तेच झाड. प्रत्येकाची तारीख ऑक्टोबरातल्या पहिल्या सोमवारची. पहिल्यावर काठी, दुसऱ्यावर वासराने खाल्ल्यामुळे किंचित वाकलेली काठी, आणि ते वाकडेपण पुढच्या प्रत्येक कागदावर त्याच जागी. सातव्यावरही, आठव्यावरही. नवव्यावर दोरी आली. पंधराव्यावर शेंड्याला दोन फांद्या फुटल्या, सोळाव्यावर डेरा धरू लागला.

पण केझाया झाडाकडे बघत नव्हतीच. प्रत्येक कागदावर झाडाशेजारी एक बाई होती. पहिल्यावर वेणी घातलेली सडपातळ पोर, टोपली कमरेवर. पाचव्यावर तिच्या डोक्यावर आईचा जुना रुमाल. आठव्यावर पाठमोरी, नेल्सनहून आणलेल्या निळ्या झग्यात, तो झगा तिने एकदाच घातला होता. बाप गेला त्या वर्षीच्या कागदावर काळ्या कपड्यात, चादर धरून नुसतीच उभी. शेवटच्यावर कमरेत जरा रुंद झालेली, बाह्या वर, तोंडात तीन चिमटे. एकोणीस वर्षं. कुठे गेली म्हणून ती विचारत होती ती सगळी तिथे होती.

"मला कशाला काढलंस?" तिचा आवाज चिरकला.

"सोमवार होता. तू तिथेच होतीस," थिर्झा म्हणाली. "आता रडू नकोस, कागद ओले होतील. जागो निघाला असेल."

केझायाने नवा कागद घेतला. या वेळी कुणी काही सांगितलं नाही, तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलं.

'मिस्टर स्टॅथम यांस. आमचं उत्तर नाही असं आहे. ज्या झाडावर मी दहा वर्षं धुणं वाळत घालते ते एक आहे की दोन, हे मला वेलिंग्टनहून कळायला नको. आपण दोन्ही शंभरदा पाहिली म्हणता, माझ्या बहिणीने एकच पाहिलं, पण सोडलं नाही. खरंखोटं करायचं असेल तर या. जेवायला घालू. केझाया पेंगेली.'

सही स्वतःची करायची असल्यामुळे ती जरा वाकडी आली. ती धक्क्यावर पोहोचली तेव्हा बोटीने दोर सोडला होता आणि जागोला पत्र टोपीत झेलावं लागलं.

मिस्टर स्टॅथम आले, तीन आठवड्यांनी. एवढं पत्र लिहिल्यावर ते येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, केझायाला तर मुळीच नाही. त्यांना बोटीतून उतरताना पाहून तिने पाहुण्यांसाठी राखलेलं केशर काढलं आणि गोड पावाचं पीठ मळायला घेतलं. माणूस उंच, किडकिडीत, पायाला चिखल, गळ्यात भिंग. वाईट नव्हता. त्याने शिडी मागितली, कोट काढला आणि तो झाडावर चढला. खाच मोजली, फांदीवरच्या तलवारी मोजल्या, शेंड्याची पानं तोडून चघळली. मग एकोणीस कागद अंगणातल्या टेबलावर दगडांखाली मांडून तासभर एकावरून दुसऱ्यावर जात राहिला. कुंपणाशी सगळी खाडी जमली होती.

"मी तर पहिल्यापासून म्हणत होतो एकच झाड आहे," झॅकी काका शेजाऱ्याला सांगत होते.

शेवटी मिस्टर स्टॅथम आत आले आणि खाटेशी स्टुलावर बसले. खिडकी उघडी होती, बाहेरच्या सगळ्यांनी कान टवकारले.

"मिस पेंगेली, हे झाड एक आहे. मला शंका नाही. चूक माझी होती आणि ती मी लिहून देईन. पण आमची मंडळी एका झाडावर मानायची नाहीत. म्हणतील, हे एकच विचित्र निघालं असेल. दुसरं एखादं रोप कुणीतरी काठीपासून डेऱ्यापर्यंत नजरेखाली ठेवायला हवं. एकाच जागेवरून, एकही वर्ष न चुकवता."

"मग पडा," थिर्झा म्हणाली.

"काय म्हणालात?"

"पडा. केझे, पुढच्या खोलीत यांच्यासाठी खाट घाल. त्या खिडकीबाहेर एक रोप आहे, दीड हाताचं. पुढची एकोणीस वर्षं केझाया तुम्हालाही पेज भरवील."

कुंपणाशी हशा फुटला, त्यात रिपेकाचा आवाज सर्वांच्या वर. मिस्टर स्टॅथम यांचे कान लाल झाले. त्यांनी खाटेकडे, टांगलेल्या फळीकडे, कप्पीकडे आणि तीनदा वाढवलेल्या खिडकीकडे पाहिलं.

"मला एकोणीस दिवससुद्धा जमायचं नाही," ते म्हणाले.

"म्हणून तर ते काम मी केलं."

हे ती अशा सुरात म्हणाली की कुणालाच हसू आलं नाही. केझाया दारात पिठाच्या हातांनी उभी होती. आजवर तिने बहिणीबद्दल सोसलं, भोगलं, निभावलं असे शब्द ऐकले होते, आणि स्वतःही वापरले होते. काम हा शब्द कुणी वापरला नव्हता.

मिस्टर स्टॅथम यांनी वही काढली. चोविसावं चित्र आहे तसं जाईल, श्लोकही जाईल, आपल्याला लागायचा तेवढा तो लागला आहे, असं ते म्हणाले. शिवाय एकोणीसपैकी चार कागद त्यापुढे घडीच्या पानावर छापायचे, पहिला, नववा, पंधरावा आणि शेवटचा.

"एक बारीकशी गोष्ट," ते शेवटचा कागद उजेडाला धरून म्हणाले. "ही चिमटेवाली बाई आमचा कारागीर चित्र छापायच्या शिळेवर उतरवताना काढून टाकील. शास्त्राच्या पुस्तकात धुणं म्हणजे जरा..."

"काढा, काढा," केझाया घाईने म्हणाली आणि हात एप्रनला पुसू लागली. "मी कशाला त्यात? झाड महत्त्वाचं."

"ती गेली तर झाडही गेलं," थिर्झा म्हणाली.

"म्हणजे?"

"झाड किती उंच झालं हे तुम्ही कशावरून सांगणार? मला फूटपट्टी खिडकीबाहेर धरता येत नाही, मिस्टर स्टॅथम. एकोणीस वर्षं मी जे काही मोजलं ते हिच्यावरून मोजलं. ही तेवढीच राहिली, म्हणून मला बाकीचं वाढताना दिसलं. तळटीप घाला. झाडाशेजारी उभी आहे ती केझाया पेंगेली, उंची पाच फूट चार इंच."

मिस्टर स्टॅथम लिहू लागले. केझाया दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहिली, टाचा जुळवून, हनुवटी वर करून, कुंपणापलीकडच्या सगळ्या खाडीला दिसेल अशी.

"साडेचार," ती म्हणाली.

त्यांनी खोडलं आणि साडेचार केलं.